पन्नास मीटरची वेस

समुद्रात चाळीस मीटर खोलीवर डायव्हिंग शिकवणाऱ्या मेथर सरांनी हर्षदाला हातानेच थांबवलं. तिचा परवाना तिथवरच होता. खालच्या निळ्या काळोखातून एक दिवा वर आला आणि थबकला. ती तिची आई होती. समुद्रतळाच्या वसाहतीत राहता यावं म्हणून सहा वर्षांपूर्वी आईने रक्त बदलून घेतलं होतं. आता पन्नास मीटरच्या वर येणं तिच्या जिवावर बेतणार होतं.

हर्षदाने आपला दिवा हलवला. खालचाही हलला. चेहरा मात्र दिसला नाही.

होडीत चढताच तिने विचारलं, "सर, पन्नासवर जायला किती दिवस लागतील?"

"पाठीवर हवेच्या दोन टाक्यांचा सराव, मग हेलियम मिसळलेली हवा. वर्ष तरी लागेल गो." सरांनी वसाहतीकडून आलेली खोलीची नोंद वाचली. "आज तुझी आई सत्तेचाळीसपर्यंत आली होती."

 हर्षदाने होडीवरूनच वसाहतीला निरोप धाडला, "आई, तू वर येऊ नकोस. मी येते."

पुढच्या महिन्याची भेट तिने स्वतःच रद्द केली आणि पाठीवर दुसरी टाकी चढवली.