खासनीस सरांच्या नावाचा जिवाणू

"याला नाव माझंच शोभेल," पेढा तोंडात टाकत खासनीस सर म्हणाले.

गुऱ्हाळामागच्या गाळातून तो जिवाणू शर्वरीने काढला होता. चारशे भाईबंदांच्या जीनोमशी त्याचा जीनोम ताडून, ही प्रजाती नवीच आहे हे चार वर्षं राबून सिद्धही तिनेच केलं. पेपरवर सरांनी आपलं नाव सर्वांत वर टाकलं. तो वाचला मात्र नाही. विद्यार्थ्यांचे पेपर वाचत बसलं, तर सह्या कधी करायच्या?

सत्काराला शाल-श्रीफळ झालं. मग प्राचार्यांनी पेपरातलं वर्णन कौतुकाने वाचायला घेतलं. "याचे भाईबंद लागेल ते स्वतः बनवतात. 'खासनिसी' जिवाणूच्या जीनोममध्ये मात्र त्यासाठीची जनुकंच नाहीत. शेजाऱ्यांनी बनवलेलं तो आयतं खातो. शेजारी काढून घेतले, की उपाशी मरतो."

मागच्या बाकांवरून खसखस सुरू झाली आणि बघता बघता सगळं सभागृह हसू लागलं.

नारळ सावरत सर शर्वरीवर फिस्कारले, "हे असलं कुणी लिहिलंय?"

"असं काय करता, सर?" शर्वरी म्हणाली. "पहिलं नाव तुमचंच आहे."