गुरुवारचा अर्धा तास

ती नवी मुलगी संपादकांच्या केबिनमध्ये शिरली, आतून काचेवरचा पडदा ओढला गेला, आणि बाईंनी घड्याळाकडे पाहिलं. तीन वाजून पाच मिनिटं. गेले तीन महिने दर गुरुवारी हेच चाललं होतं.

बाई त्या फॅशन मासिकाच्या वेशभूषा विभागाच्या प्रमुख. बावीस वर्षं मुखपृष्ठावरच्या पोरींना त्यांनीच सजवलं होतं. कुणाला कुठला रंग खुलेल, हे त्या डोळे मिटून सांगत. शिपायापासून मालकांपर्यंत सगळ्यांच्याच त्या बाई. त्यांच्या हाताखाली ही मुलगी येऊन दीड वर्ष झालं होतं; तरी बाईंच्या तोंडी ती अजून ‘नवी’च होती.

साडेतीनला नवी बाहेर आली. डोळे लाल, हातात चुरगळलेला रुमाल. बाईंशी नजरानजर होताच उगाच हसली.

“काय गं, एवढं काय बोलणं असतं तुमचं?”

“काही नाही बाई. कामाचंच.”

कामाचंच म्हणे! बाईंच्या अंगाचा तिळपापड झाला. गेली दोन मुखपृष्ठं नवीकडे गेली होती. जाब विचारला तेव्हा संपादक खिडकीबाहेर बघत म्हणाले होते, “तुम्ही जरा विश्रांती घ्या. नव्या लोकांनाही संधी मिळू दे.” हंगामाच्या मोठ्या शोला पहिल्या रांगेतल्या ज्या खुर्चीत बाई पंधरा वर्षं बसल्या, तिथेही यंदा कालची ही पोर पायावर पाय टाकून बसली होती. बाईंनी तो फोटो मोबाइलवर मोठा करकरून पाहिला होता. निदान घातलेले बूट तरी वाईट दिसावेत! पण तेही शोभून दिसत होते.

दुसऱ्या दिवशी फिटिंग होतं. बाई एका मॉडेलच्या कमरेवर टाचण्या लावत होत्या.

“आई गं!” पोरगी कळवळली.

“पोट आत घे. काल पोतंभर जेवलीस की काय?”

हा बाईंचा ठेवणीतला विनोद. पूर्वी सगळी खोली हसायची. आज कुणी हसलं नाही. भिंतीवर नवी नियमावली लावल्यापासून सगळ्यांची तोंडं शिवल्यासारखी झाली होती. कुणाच्या शरीरावर शेरे मारू नयेत, विचारल्याशिवाय हात लावू नये, आणि काय काय. बाईंना स्वतःला शिकताना मोजपट्टीचे फटके बसले होते. त्यांनी कुणाकडे तक्रार केली होती? फटके खाल्ले म्हणूनच तर हात तयार झाला.

नवी हळूच जवळ आली. “बाई, द्या ना, टाचण्या मी लावते.”

“का? माझे हात मोडलेत?”

“तसं नाही. पण थोडं सबुरीनं घ्या ना बाई. हल्ली मुलींना नाही चालत असं.”

“तू मला शिकवणार? सुई कशी धरायची ते तुला मी शिकवलं.”

“म्हणूनच सांगते बाई,” नवी म्हणाली.

त्या संध्याकाळी बाईंनी धाकट्या बहिणीपुढे सगळं ओकून टाकलं. बंद पडदा, लाल डोळे, मुखपृष्ठं, खुर्ची, बूट.

“ताई, तुला तिची काळजी वाटते, की पोटात दुखतंय?” बहिणीने विचारलं.

“मला न्याय हवाय.”

“न्याय मागणारं माणूस बुटांबद्दल इतका वेळ बोलत नाही गं.”

बाई ताटावरून उठल्या. ज्या नियमावलीला त्या नाकं मुरडत, तीच त्यांनी त्या आठवड्यात ओळ न् ओळ वाचून काढली, आणि तक्रार समितीला पत्र लिहिलं. वरिष्ठांशी सलगी करून ही मुलगी कामं मिळवते. बंद केबिनमध्ये काय चालतं ते सगळ्या ऑफिसला दिसतं. बारा गुरुवारांच्या तारखा दिल्या. निनावी लिहायला त्या भित्र्या नव्हत्या. खाली ठसठशीत सही ठोकली.

चार दिवसांनी समितीचं बोलावणं आलं. बाई ठेवणीतली रेशमी साडी नेसून गेल्या. समितीच्या अध्यक्षा म्हणजे पिकल्या केसांच्या वकील. बाईंना त्यांनी समोरची खुर्ची दिली.

“तुम्ही दिलेल्या तारखा बरोबर आहेत. त्या बैठकांची नोंद संपादकांनी आमच्याकडे दर वेळी केली आहे.”

“नोंद? कसली?”

अध्यक्षांनी एक कागद पुढे सरकवला. “तीन महिन्यांपूर्वी ही तक्रार आली. अकरा जणींच्या सह्या आहेत. मॉडेल आहेत, मदतनीस आहेत. टाचण्यांचे व्रण, सगळ्यांदेखत केलेले अपमान. तुमच्याबरोबर काम करायला या मुली तयार नाहीत, म्हणून मुखपृष्ठं दुसरीकडे द्यावी लागली.”

बाईंना पहिल्या ओळीत स्वतःचं नाव दिसलं.

“मग तेव्हाच का नाही मला बोलावलं?”

“त्या साऱ्या कंत्राटावरच्या; तक्रार दाखल व्हायला कायम नोकरीतल्या कुणाची तरी सही लागते. तशी रोज तुमच्या शेजारी उभी असणारी एकच व्यक्ती होती. तिच्या साक्षीशिवाय प्रकरण उभं राहत नव्हतं. संपादक दर गुरुवारी तिला सही कर म्हणायचे, ती दर गुरुवारी रडून नाही म्हणायची. बाईंनी मला हाताला धरून शिकवलंय, थोडा वेळ द्या, मी त्यांना समजावते, म्हणायची.”

बाईंनी कागद परत सरकवला. “मी... माझं पत्र मी मागे घेते.”

“तक्रार दाखल झाली की जिच्यावर आरोप आहे तिला पत्र दाखवावं लागतं, असा नियम आहे,” अध्यक्षा म्हणाल्या. “आज सकाळी दाखवलं. तिने ते दोनदा वाचलं, आणि पेन मागितलं.”