बिट्टीला स्पॅनिश येत नाही

“दुसरं कुणीतरी बघा,” तिसरी शिकवणीवाली दारात चपला चढवता चढवता म्हणाली. “पोर गुणी आहे हो, पण स्पॅनिश तिच्या डोक्यात शिरतच नाही. उगाच तुमचा वेळ खायला मला बरं वाटत नाही.”

आईने मान हलवली. दार लावलं आणि दाराला पाठ टेकून तिथेच उभी राहिली. आत टेबलाशी बिट्टी पेन्सिलीला टोक करत होती. तिच्या वर्गातल्या मुलांची मजल स्पॅनिशमध्ये गोष्ट सांगण्यापर्यंत गेली होती. बिट्टीला पाण्याला काय म्हणतात तेही सांगता येत नव्हतं.

आई चष्म्याच्या दुकानात काचा बसवायची. आलेल्या प्रत्येक गिऱ्हाइकाला ती विचारू लागली, ओळखीत कुणी स्पॅनिश शिकवणारं आहे का? बहुतेक जण नाही म्हणायचे. मग एकदा चष्म्याची काडी बसवून घ्यायला एक म्हातारे गृहस्थ आले. जन्मभर दुभाष्याचं काम केलेले. स्पॅनिश तर त्यांना तोंडपाठ.

“मुलांना शिकवायचं मला जमत नाही,” ते म्हणाले. “माझा स्वभाव नाही तसा.”

आईच्या हातातला बारीक स्क्रू ड्रायव्हर निसटून खाली पडला. हल्ली तिच्या हातात काही ठरत नसे. तो उचलायला ती वाकली नाही. मालकाला ऐकू जाणार नाही इतक्या हळू आवाजात म्हणाली, “सर, मी आता फार दिवसांची नाही. डॉक्टरांनी औषधं बंद केलीत. तिला मामाकडे पाठवायचंय. तो तिकडे परदेशात, सदा ट्रकवर. घरात मामी आणि तिची मुलं, त्यांना स्पॅनिशशिवाय एक अक्षर कळत नाही. पोरीला भूक लागली, तरी सांगता यायचं नाही हो.”

म्हाताऱ्यांनी चष्मा डोळ्यांवर चढवला, काढला, पुन्हा चढवला.

“उद्या येतो,” ते म्हणाले.

ते दुसऱ्या दिवशी आले आणि मग रोजच येऊ लागले. आई तोवर कामावरून येऊन आतल्या खोलीत आडवी झालेली असे. मधलं दार ती मुद्दाम उघडं ठेवायची. म्हातारे चमचा दाखवायचे, बिट्टी म्हणायची टोपी. खिडकी दाखवली की म्हणायची मीठ. ती कधी कंटाळली नाही, रुसली नाही. हात मांडीवर ठेवून शहाण्यासारखी बसायची आणि सगळं चुकवायची. ते निघाले की आई डोळ्यांनीच विचारायची, कसं काय? म्हातारे “बघू या” म्हणून जिना उतरायचे. आपण हे काम उगाच अंगावर घेतलं असं त्यांना वाटू लागलं होतं.

एकदा घरी जाता जाता ते रस्त्यातच थबकले. ज्याला काहीच येत नाही, त्याचंही एखादं उत्तर चुकून बरोबर येतं. बिट्टीचं आजवर एकही आलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी शिकवणी अर्ध्यावर आली असताना, पुस्तकातून मान वर न करता, त्याच सुरात ते स्पॅनिशमध्ये म्हणाले, “तुझ्या खांद्यावर कोळी चढलाय.”

बिट्टी ताडकन उठली. तिने दोन्ही हातांनी खांदे झटकले. आणि मग तशीच उभी राहिली.

“केव्हापासून येतंय तुला?” त्यांनी स्पॅनिशमध्येच विचारलं.

“पहिल्या बाईंपासून.”

मग ती भराभर बोलू लागली. आवाज अगदी दबका. स्पॅनिश शाळकरी, पण स्वच्छ. “आईला सांगू नका. ती मामाला फोनवर म्हणाली, हिला एकदा बोलता आलं की मी सुटले.” ‘सुटले’ हा शब्द तिला स्पॅनिशमध्ये सापडेना. तो तिने घरच्या भाषेतच म्हटला. “मी नाही शिकले, तर ती नाही ना सुटणार?”

म्हाताऱ्यांनी हातातलं पुस्तक हळूच मिटलं. जन्मभर त्यांनी याचं बोलणं त्याला आणि त्याचं याला जसंच्या तसं सांगितलं होतं. 

आतली खाट करकरली. चौकटीचा आधार घेत आई दारात आली. तिच्या सुकलेल्या चेहऱ्यावर केवढी तरी आशा होती.

“सर, ती बोलली का हो काही? मला आवाज आल्यासारखं वाटलं.”

म्हाताऱ्यांनी आईकडे पाहिलं. मग बिट्टीकडे पाहिलं. ती श्वास रोखून उभी होती.

“नाही, ताई,” ते म्हणाले. “अजून काहीच येत नाही तिला. बराच वेळ लागेल.”

आईचा चेहरा उतरला. ती चौकट धरून तशीच उभी राहिली.

“मग मला थांबायला हवं,” ती स्वतःशीच बोलल्यासारखी पुटपुटली.

बिट्टी खुर्चीवर बसली. म्हाताऱ्यांनी समोरच्या दिव्याकडे बोट दाखवून विचारलं, हे काय?

बिट्टीने एकदा आईकडे पाहिलं, आणि नीट विचार करून चुकीचा शब्द सांगितला.