पत्ता

रिक्षाला सायकल घासली म्हणून रिक्षावाल्याने लोखंडी पाना दुसऱ्यांदा उगारला. खाली पडलेला पोरगा कपाळावरचं रक्त पुसत मागे सरकला. चौकातले सगळे थबकून एकमेकांकडे बघत होते. काहींनी मोबाईल काढले.

गर्दीतून एक म्हातारी थेट रिक्षावाल्यासमोर आली. "लेकरा, भाजीबाजार कुठं भरतो रे?"

"आजी, आत्ता? दिसत नाही का काय चाललंय?"

"दिसतंय ना. पण ऊन चढतंय, तेवढं सांग."

तो वैतागला, पण पत्ता सांगायची रोजची सवय. उगारलेला पाना आपसूक वळला. "ते काय, देवळाच्या मागं."

तेवढ्यात चहावाल्याने मागून त्याचा हात धरला. मग आणखी दोघे धावले.

पोराला उठवायला म्हातारी वाकली, तेव्हा तिच्या भरलेल्या पिशवीतून मेथीची ताजी जुडी रस्त्यावर पडली.