बंपरवरचं लिंबू

"लिंबामुळे झालंय," शोरूममागच्या सर्व्हिस सेंटरमधला टाय लावलेला सल्लागार ठामपणे म्हणाला. "मॅडम, तुम्ही बंपरला लिंबू-मिरची टांगता. आंबट रस गळतो आणि सस्पेन्शन गंजतं. असला गंज वॉरंटीत बसत नाही."

खांबेटेबाईंनी लिफ्टवर चढवलेल्या आपल्या गाडीकडे पाहिलं. घेऊन जेमतेम अकरा महिने झाले होते, आणि मागच्या स्प्रिंगांवरून गंजाचे पापुद्रे सुटत होते. लिंबू मात्र पुढे टांगलेलं, तेही वाळून सुपारीएवढं झालेलं. शिवाय ते बांधलं होतं याच शोरूमच्या मॅनेजरने, गाडी ताब्यात देताना, दात काढून. एकतीस वर्षं शाळेत रसायनशास्त्र शिकवताना बाईंनी ढ पोरं पुष्कळ पाहिली होती, पण इतकं ढ उत्तर इतक्या ऐटीत कुणी दिलं नव्हतं.

या शहाण्याशी वाद घालण्यात त्यांनी तोंडाची वाफ दवडली नाही. त्या तडक पुढच्या शोरूममध्ये गेल्या. तिथे हार घातलेल्या नव्या गाडीभोवती एक कुटुंब उभं होतं, आणि तोच मॅनेजर लिंबू-मिरची घेऊन बंपरपाशी वाकला होता.

"अहो, बांधू देऊ नका त्यांना!" शेवटचा बाक दचकेल अशा आवाजात बाई त्या कुटुंबाला म्हणाल्या. "लिंबाने गाडी गंजते आणि वॉरंटी जाते, असं यांचाच माणूस सांगतोय."

नारळ फोडायला उचललेला कुटुंबातल्या गृहस्थांचा हात खाली आला.

"छे हो!" मॅनेजर घाईघाईने हसला. "लिंबाने कुठे गाडी गंजते का?"

बाईंनी पर्समधून पेन काढून त्याच्यापुढे धरलं.

"हेच लिहा. खाली सही करा."