दुधाचा दोष

बाळाच्या टाचेतून घेतलेल्या रक्ताचा रिपोर्ट नवव्या दिवशी आला. डॉक्टरांनी प्रफुलला आत बोलावलं. "दुधातली साखर याला पचत नाही. आईचंही दूध आजपासून बंद, सोयाची पावडर द्या. हा आजार आई आणि बाप, दोघांकडून दोष आला तरच होतो."

बाहेर त्याची आई, कुसुमबाई, वाटच बघत होती. "काय म्हन्ते रे डॉक्टर?"

प्रफुलनं रिपोर्टची घडी करून खिशात घातली. "शालूचं दूध बाधलं म्हन्ते."

"मले वाटलंच! आपल्या घराण्यात असं कोनालेच नाई झालं."

बाकावर पाजत बसलेल्या शालूनं घाईघाईनं बाळाला बाजूला केलं. तिचे डोळे भरून आले. "चुकलं माह्यं," ती नवऱ्याला म्हणाली, "आठ दिवस मी लेकराले तेच पाजलं."

"जाऊ दे," प्रफुल म्हणाला आणि त्यानं तिला माफ केलं.