दीड तासाचा गायक

"हा माणूस गातो की पोती उचलतो?" ललितने टेप खटकन बंद केला. लकी लाहोरिया अर्ध्या ओळीत गप्प झाला. काउंटरपलीकडची कॉलेजची दोन पोरं हिरमुसली आणि निघून गेली.

"दाजी, गिऱ्हाईक गेलं," चंदर म्हणाला.

"जाऊ दे. त्याला कान नव्हते."

शालिमार चौकाजवळचं ते कॅसेटचं दुकान दोघांचं होतं, ललितचं आणि त्याच्या बायकोच्या भावाचं, चंदरचं. सत्त्याण्णवच्या दिवाळीत लकी लाहोरिया आणि तन्मय रॉय यांचे अल्बम एकाच आठवड्यात आले आणि दुकानात महाभारत सुरू झालं. लकी चकाकत्या पँटीत उड्या मारत गायचा. तन्मय डोळे मिटून, गिटार पोटाशी धरून गायचा. अर्धी तरुणाई एकावर नाचत होती, अर्धी दुसऱ्यावर उसासे टाकत होती. ललितच्या लेखी मात्र गायक एकच. लकीचं नाव निघालं की तो नाकाने कांदे सोलायला लागायचा.

"त्याची अख्खी कॅसेट चाळीस मिनिटांत खलास," तो प्रत्येक गिऱ्हाइकाला ऐकवायचा. "आमचा तन्मय दीड तास गातो. दीड तास! छातीत दम लागतो त्याला."

दुकानाला नवा बोर्ड करायचा होता. त्यावर एकच चेहरा मावणार होता. तेव्हा दोघांनी पैज लावली, ललितने तन्मयवर, चंदरने लकीवर. दोन्ही गायकांच्या साठ-साठ कॅसेटी मागवायच्या. ज्याच्या आधी संपतील त्याचा चेहरा बोर्डावर, आणि हरणाऱ्याने यापुढे माल मागवताना तोंड उघडायचं नाही. त्या उड्या मारणाऱ्या माकडाच्या चेहऱ्याखाली बसून धंदा करायचा, ही कल्पनाच ललितला सहन होत नव्हती.

संक्रांत दोन दिवसांवर आली. लकीच्या चार उरल्या होत्या. तन्मयच्या बावन्न.

त्या दुपारी पिंपळगावकडचे एक बागायतदार दुकानात आले. पुंजाकाका त्यांचं नाव. चार एकर द्राक्षं होती. ललितने सवयीने दीड तासाचं पुराण लावलं. काकांनी कॅसेट हातात घेऊन उलटीसुलटी केली.

"दीड तास? खरंच भरंल?"

"घड्याळ लावून बघा, काका."

"किती हायेत अशा?"

"बावन्न."

"समद्या द्या."

चंदरच्या हातातलं पावतीपुस्तक खाली पडलं. काकांनी दर अर्ध्यावर आणला आणि ललितने एका शब्दाने घासाघीस केली नाही. रसिकाशी कसली घासाघीस? वर त्याने तन्मयचं पोस्टर फुकट देऊ केलं, तर काकांनी मान हलवली.

"कागद नको. डब्या बी इथंच ऱ्हाऊ द्या. नुसत्या कॅसेटी भरा गोणीत."

ते गेल्यावर ललितची छाती दोन इंच फुगली. "बघितलंस चंदर? चेहरा नको, कपडे नकोत, कव्हरसुद्धा नको. माणसाला फक्त गाणं पाहिजे. नाहीतर तुझी ती कॉलेजची माकडं!"

संक्रांतीला बोर्ड चढला. पेंटर राजूने तन्मयचे मिटलेले डोळे इतके हुबेहूब काढले की ललित रस्त्यापलीकडे उभा राहून तासभर बघत बसला. लकीचा पुढचा माल त्याने रद्द केला. चंदरने तोंड उघडलं नाही. पैज म्हणजे पैज. पण संध्याकाळी पोरं यायची, लकीचं विचारायची आणि समोरच्या दुकानात शिरायची. चंदर तेवढं बघत राहायचा.

त्याचं हे गप्प बसणंही ललितला पुरेना. मेहुण्याला खरा रसिक दाखवायचाच, असं त्याच्या मनाने घेतलं. फेब्रुवारीतल्या एका रविवारी त्याने तन्मयचा मोठा फोटो फ्रेम करून घेतला, चंदरला स्कूटरवर मागे बसवलं आणि पिंपळगाव गाठलं.

शेडमध्ये बायका द्राक्षांचे घड पेटीत भरत होत्या. खांबाला टांगलेल्या टेपवर लकी लाहोरिया ठणाणा गात होता आणि बायकांच्या माना डोलत होत्या. ललितने नाक मुरडलं. "कामाच्या बाया. त्या दुसरं काय ऐकणार?"

पुंजाकाका समोर आले. "या या, शेठ! लय चांगला माल दिला तुम्ही."

ललितने चंदरकडे तिरका कटाक्ष टाकला. "मग काका, आमचा तन्मय कुठंय?"

"त्यो व्हय? त्यो बागेत हाय. चला, दाखवतो."

बागेत! वेलींनाही तन्मयच ऐकवतात म्हणजे! ललितला आभाळ ठेंगणं झालं. फोटो काखेत धरून तो जवळजवळ पळतच निघाला.

बागेत टेप नव्हता. वेलींच्या वर, या खांबापासून त्या खांबापर्यंत, तपकिरी पट्ट्या ताणून बांधल्या होत्या. उन्हात त्या लखलखत होत्या आणि वाऱ्यावर थरथरत एकसुरी घूं घूं करत होत्या. बांधावर फीत काढून घेतलेल्या रिकाम्या कॅसेटींचा ढीग पडला होता.

"एक पाखरू बसत नाय," काका कौतुकाने म्हणाले. "आधी लकीची एक गुंतलेली व्हती, ती लावून बघितली. ती एका ओळीलाच संपली. तुमच्या माणसाची दोन ओळींना पुरती."

ललितने चंदरकडे पाहिलं. चंदर ओठ घट्ट मिटून द्राक्षांकडे बघत होता. त्याचे खांदे मात्र हलत होते.

"आन् शेठ, त्या तुमच्या माणसाची कधी गाठ पडली तर निरोप द्या," पुंजाकाका म्हणाले. "पुढल्या साली बी दीड तासाचीच काढा म्हणावं. आत काय बी भरा, चालंल."